माझा मुंढा आणि चार हजार गाणी

१२ जानेवारी, सोमवार

आज बँकेत माझा मुंढा पाहिला. रांगेत पुढं एक बाई उभी होती, निळं ब्लाऊज, बारीक ठिपके. तिनं वरच्या कप्प्यातला फॉर्म घ्यायला हात वर केला आणि काखेत एक चुणी नाही, कंबरेवर कापड वर चढलं नाही. बाही जिथं खांद्याला मिळते तिथली ती गोलाई, तोच मुंढा — पुढून खोल, मागून सपाट, खाली उतरताना किंचित मागं वळलेली. झोपेत हात फिरवला तरी ओळखीन. खिडकीतला माणूस ओरडत होता, आजी, तुमचा नंबर. मी आपली तिच्या पाठीकडं बघत.

शेवटी विचारलंच, कुठं शिवलं हो? म्हणाली, बाजाराच्या मागच्या गल्लीत. एक बाई आहेत, कॉम्प्युटरवर कटिंग काढतात.

म्हणजे चिंगीचंच की!

आमची चिंगी. नात माझी, मोठी इंजिनिअर, पण गेलं वर्षभर माझ्या पायाशी बसून होती. माझी सगळी पेपर कटिंगं तिनं ट्रंकेतून काढली, एकेक मोजली, मला हजार प्रश्न विचारले. इथं अर्धा इंच का? इथं वळण का? मी म्हणायची, अगं हाताला कळतं. ती म्हणायची, हाताचं मला कॉम्प्युटरला सांगायचंय. आणि सांगितलं तिनं. आता मापं भरायची, बटण दाबायचं, की मशीन कागदावर कटिंग काढून देतं. मुंढा माझा, बटण तिचं. त्यासाठी तिनं चांगली नोकरी सोडली. तिच्या जुन्या ऑफिसनं जागा फेब्रुवारीअखेरपर्यंत ठेवली आहे — दोन दिवसांच्या प्रवासावर आहे ते शहर. तोवर पुरेशा शिंप्यांनी ते विकत घेतलं तर चिंगी इथं राहणार. नाही तर जाणार.

कशाला जाते? बँकेत दिसला मुंढा. चालतंय म्हणायचं.

१४ जानेवारी, बुधवार

आज तीन. दवाखान्यात नर्सबाईचा शर्ट, बसथांब्यावर दोघी बहिणी. मुंढा दिसला की घरी आल्यावर पिनकुशनला एक लाल टाचणी टोचायची असं ठरवलं आहे. सून म्हणाली, आई, लोकांच्या काखेत बघत फिरू नका, मार खाल. म्हटलं, चाळीस वर्षं तेच केलं, त्यावरच तुझ्या नवऱ्याचं शिक्षण झालं.

१५ जानेवारी, गुरुवार

गुरुवार म्हणजे शिवणक्लास. मी शिकवत नाही आता, नुसती जाऊन बसते. पण बायका मला मास्तरीणबाईच म्हणतात आणि चूक झाली की कापड माझ्याकडंच घेऊन येतात. खरं सांगायचं तर त्या येतात गाण्यांसाठी. माझ्याकडं चार हजार गाणी आहेत. चार हजार! क्लासवालीनं मोजून दिली.

माझ्या वेळी एका गाण्यासाठी रेडिओपुढं अर्धा दिवस बसायचं. मग कॅसेटी आल्या, त्या चिकटायच्या, पेन्सिलीनं फिरवायच्या. मग मोबाइलवाला कार्डात गाणी भरून द्यायला लागला. मग चिंगी — तेव्हा ती एवढीशी होती, शाळेतून आली की कॉम्प्युटरवर बसायची आणि मला पाहिजे ते गाणं कुठून तरी उतरवून द्यायची. पाच मिनिटांत. मी म्हणायची, पोरगी जादूगार आहे. आता मलाच येतं सगळं. कॉपी, पेस्ट. चौथी शिकलेली बाई, पण क्लासमध्ये कोणाचाही पेन ड्राइव्ह आला की लोक माझ्याकडं बोट दाखवतात.

आणि काय मजा आहे बघ — बरणीतली साखर दिली तर बरणी रिकामी होते. गाणं दिलं तर देणारीकडं राहतं आणि घेणारीकडंही जातं. असं दुसरं काय आहे जगात? मी कोणाला नाही म्हणत नाही. ओळखीची, बिनओळखीची, घे बाई.

चिंगीचं कटिंगचं पण तसंच देते. पेन ड्राइव्हमध्ये एका घरात गाणी, दुसऱ्या घरात चिंगी. ते चालू करायला सोळा आकडी नंबर लागतो. चिंगीनं मला माझा दिला होता, शिकायला म्हणून. बायका तो विसरायच्या, मला परत परत विचारायच्या. मग मी गेल्या महिन्यात पांढऱ्या कापडावर लाल दोऱ्यानं तो नंबर भरला, भोवती वेलबुट्टी काढली, आणि क्लासच्या भिंतीवर टांगला. छान दिसतो. आता कोणी विचारत नाही.

१९ जानेवारी, सोमवार

एकतीस टाचण्या. पिनकुशन लाल झालं.

२० जानेवारी, मंगळवार

आज जेवताना चिंगीला पिनकुशन दाखवलं. म्हटलं, बघ, एकतीस अंगांवर तुझं काम पाहिलं मी. आणि मी काय सगळ्या गावात फिरत नाही.

तिनं हातातला घास तसाच ठेवला. “आजी, आत्तापर्यंत नऊ जणींनी घेतलंय. नऊ.”

मी म्हटलं, तुझं मोजायचं चुकलं असेल.

“माझं चुकत नाही, आजी. नऊ.”

“मग एकेकीनं पुष्कळ ब्लाऊज शिवले असतील.”

“त्या नऊपैकी सात जणी या गावातल्याच नाहीत.”

सून मधेच म्हणाली, आईंना सगळीकडं आपलाच मुंढा दिसतो. चिंगी हसली नाही. मी ताट उचललं. माझी नजर चुकली? चाळीस वर्षांत चुकली नाही ती आता चुकेल?

२१ जानेवारी, बुधवार

नऊ कसे? आज आणखी दोन दिसले.

२२ जानेवारी, गुरुवार

चिंगी माझ्याबरोबर क्लासला आली. मला वाटलं गाणी ऐकायला येते. मी ऐटीत ओळख करून दिली — हीच ती, जिनं बनवलं. बायकांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. एक म्हणाली, तुमच्यामुळं माझं कापड वाया जाणं थांबलं हो. दुसरी म्हणाली, मी माझ्या बहिणीलाही दिलं, ती तिकडं चार जणींना देते म्हणाली. चिंगी ऐकत होती, मान हलवत होती. मग तिची नजर भिंतीवर गेली.

ती उठली, कापडाजवळ गेली आणि वाचायला लागली. एकेक आकडा. वेलबुट्टीला बोट लावलं.

“आजी, हे तू भरलंस?”

मी म्हटलं, तीन दुपारी लागल्या. आठचा आकडा फार त्रास देतो.

ती म्हणाली, “सुंदर झालंय.” एवढंच. बाहेर गेली.

घरी येताना रस्ताभर माझ्या चार पावलं पुढं चालली. दाराशी आल्यावर म्हणाली, “आजी, तो नंबर म्हणजे किल्ली आहे. प्रत्येकीनं आपली वेगळी घ्यायची. तिच्याच बदल्यात ती मला पैसे देते. बायकांकडं इंटरनेट नसतं म्हणून मी ते असं बनवलं की कोण वापरतंय हे मला दिसतच नाही. म्हणून मला नऊच दिसत होत्या.”

मी म्हटलं, “पण मी चोरलं कुठं? दिलं. गाण्यासारखंच ना ते? तुझ्याकडं आहेच की अजून.”

ती पायरीवर बसली. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, “तुझं काय चुकलं? तुला गाणी उतरवून कोण द्यायचं? मीच. नऊ वर्षांची होते. तेव्हापासून आपल्या घरात कॉम्प्युटरमधलं सगळं झाडावरच्या पाल्यासारखं. ओरबाडायचं, वाटायचं. कोणी लावलंय असं आपल्याला वाटलंच नाही. मलाही नाही वाटलं — स्वतः लावेपर्यंत.”

२३ जानेवारी, शुक्रवार

आज ट्रंक उघडून बसले. माझी पेपर कटिंगं. खाकी कागद, कडा मऊ झालेल्या. या ट्रंकेला मी कुलूप लावत असे. जाऊबाईंनी एकदा मुंढ्याचा कागद मागितला होता, नुसता एक दिवसासाठी. दिला नाही. म्हटलं, हे माझं पोट आहे. तीन वर्षं त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, मुलीच्या लग्नात मला पाठ करून बसल्या. तरी दिला नाही.

म्हणजे मला कळत होतं. कागदाचं कळत होतं. तोच मुंढा कॉम्प्युटरमध्ये गेला, गाण्यांच्या शेजारी जाऊन बसला, आणि मला तो गाणं वाटायला लागला.

आणि गाण्याचं तरी काय? तेही कोणी तरी गायलंच आहे. पेटी वाजवणारा होता, लिहिणारा होता. त्यांचं गाणं कोणी भरून नेलं त्याचं त्यांना वाईट वाटलं असेल का? मला कधी सुचलंच नाही. कारण गाणाऱ्या बाईला मी पाहिलेलं नाही. चिंगीला रोज पाहते.

पण नुसतं बसून काय होणार. मी वाटलं, मीच गोळा करीन. माझ्या ओळखी कमी आहेत का?

२९ जानेवारी, गुरुवार

सुरुवात क्लासपासून केली. सगळ्यांसमोर उभी राहिले आणि सांगितलं — बायांनो, मी तुम्हाला जे दिलं ते द्यायचा मला हक्क नव्हता. नातीचं होतं. ज्यांना ठेवायचंय त्यांनी तिच्याकडून आपली किल्ली घ्या, ज्यांना नको त्यांनी काढून टाका. आणि ज्यांनी पुढं दिलं त्यांनी मला पत्ते द्या.

मग काजवाली — ती काज आणि बटणं करते, जीभ तिच्या सुईपेक्षा टोकदार — ती म्हणाली, “मास्तरीणबाई, चार हजार गाणी घेताना पावती मागितली होतीत का?”

बायका हसल्या. मी पण हसले, काय करणार. म्हटलं, नाही मागितली.

“मग आता नातीचं आलं म्हणून कायदा आठवला?”

“हो,” म्हटलं, “नातीचं आलं म्हणूनच आठवला. तुझ्या घरचं कोणी काही बनवेल तेव्हा तुलाही आठवेल. तोवर माझ्याकडून घे. आणि गाण्यांचं मी बघते माझं, आधी तू हे काढ.”

“तुम्हीच म्हणायचात ना, दिल्यानं कमी होत नाही?”

“म्हणायचे. चुकीचं म्हणायचे. चिंगीचं कमी झालं. ती चाललीय नोकरीला.”

तेव्हा कुठं हसणं थांबलं. क्लासवाली उठली, भिंतीवरचं कापड काढून घडी करून माझ्या हातात दिलं. म्हणाली, क्लासच्या पाच मशीनांसाठी पाच किल्ल्या सांगा तिला. काजवाली बटण लावत राहिली.

३० जानेवारी, शुक्रवार

बाजाराच्या मागची गल्ली. तिथल्या बाईंनी दारातच सांगितलं, मी कधीच काढून टाकलं ते. आणि हे सांगताना मागं त्यांच्या मशीनमधून कागद सरकन बाहेर येत होता. माझा मुंढा. आम्ही दोघींनी त्या कागदाकडं पाहिलं. त्या म्हणाल्या, चहा घेता? घेतला. दुसरा कप झाल्यावर किल्ली घ्यायला तयार झाल्या. चहा बरा करतात.

२ फेब्रुवारी, सोमवार

सात घरं. चार हो, दोन नाही, एकीनं दार उघडलं नाही. खिडकीतून बघत होती, मी हात केला. ती पडद्यामागं गेली. पुन्हा जाईन.

५ फेब्रुवारी, गुरुवार

गाणी काढायला बसले. एकेक निवडायचं आणि टाकायचं. चाळीस झाली. मग एक असं लागलं की म्हटलं, शेवटचं ऐकते. मग त्याच्यापुढचं. दुपार गेली. चिंगी आली तेव्हा मी गुणगुणत बसलेली. म्हणाली, झाली का काढून? म्हटलं, चालू आहे. ती हसली — किती दिवसांनी. तिनं मला फोनवर दाखवलं, आता थोडे पैसे भरले की हवं ते ऐकता येतं म्हणे, उतरवायचं नाही, आणि गाणाऱ्यांना त्यातलं काही पोचतं. म्हटलं, किती पोचतं? म्हणाली, फार नाही. म्हटलं, आपल्या नऊ जणींपेक्षा बरंच असेल.

९ फेब्रुवारी, सोमवार

आज काजवाली घरी आली. गुपचूप, मागच्या दारानं, जणू मीच काही चोरून विकते. म्हणाली, मला तुमचा तो टोमणा झोपू देईना. तिची मुलगी वेलबुट्टीचे नमुने काढते, फोनवर टाकते, आणि ते कोणी तरी आपले म्हणून विकतंय. “कालच कळलं,” म्हणाली. मी चहा टाकला. बोलायची फार इच्छा होती. किल्ली घेऊन गेली.

एकूण सव्वीस झाल्या. चिंगी म्हणते, अजून पुरत नाही, पण नऊपेक्षा ऐकायला बरं वाटतं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आज कपड्यांच्या कारखान्याचे साहेब आले होते. आपल्या घरी! बाजाराच्या मागच्या गल्लीतल्या बाईंनीच पाठवलं. साहेबांच्या बायकोनं तिथं ब्लाऊज शिवलं, यांनी ते पाहिलं आणि म्हणाले हे कटिंग आमच्या सगळ्या टेबलांवर पाहिजे. कारखान्यात चाळीस कटिंग टेबलं आहेत. चिंगीचं सॉफ्टवेअर, रीतसर, प्रत्येक टेबलाला किल्ली.

म्हणजे चिंगी जात नाही. सुनेनं मला मिठी मारली. सुनेनं!

साहेब फार सज्जन. म्हणाले, आम्हाला पूर्वी एकदा कॉपीच्या भानगडीत कोर्टात जावं लागलं, म्हणून कागद पक्के लागतात. दोन सह्या. सॉफ्टवेअर स्वतः बनवलं अशी चिंगीची, आणि मूळ कटिंग स्वतःचं, कोणाचं उतरवलेलं नाही, अशी तुमची.

मग मला म्हणाले, “असा मुंढा मी पाहिला नाही, आजी. कोणाकडं शिकलात?”

मी म्हटलं, “अंगातच होतं.”

१६ फेब्रुवारी, सोमवार

कागद आले. चिंगीनं आपली सही लगेच केली. माझ्यासाठी खुणेचा खडू घेऊन रेघ आखून दिली, म्हणाली इथं. मी म्हटलं, चांगला पेन आण, असल्या कागदावर बॉलपेननं सही करतात का?

१८ फेब्रुवारी, बुधवार

चांगला पेन आला. मी म्हटलं, चष्मा सापडत नाही.

सून म्हणाली, डोक्यावर आहे.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

क्लासला गेले नाही. गुडघा दुखतो म्हटलं. दुखत नाही.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

चिंगी म्हणाली, “आजी, आता नाटकं पुरे. सोमवारी साहेबांना कागद द्यायचेत. उशीर झाला तर ते दुसरीकडं बघतील, आणि मग मला जावंच लागेल. एक सही आहे. तू तर सगळ्या गावाला सांगत फिरतेस, ज्याचं त्याला विचारून घ्या.”

हो. फिरते.

२२ फेब्रुवारी, रविवार

सही केली नाही. मुंढा माझा नाही. ज्या दुकानात मी शिकले तिथल्या मास्तरांचा आहे. ते जेवायला गेले की मी त्यांच्या कटिंगवर वर्तमानपत्र ठेवायची आणि रोज थोडी थोडी रेघ उतरवून घ्यायची. चाळीस वर्षं माझा म्हणत आले, आणि मलाही तो माझाच वाटायला लागला. आज चिंगीला सांगितलं. एकच गोष्ट आणखी सांगितली — शेवटच्या दिवशी मी गेले तेव्हा मास्तर जेवायला गेलेले होते, कटिंग टेबलावर नीट पसरून ठेवलेलं होतं, आणि त्यावर माझी पेन्सिल होती. टोक करून. मी केलेलं नव्हतं.

चिंगीनं कागदावरची खडूची रेघ बोटानं पुसली आणि म्हणाली, “मास्तरांच्या घरी कोण आहे?” मुलगी आहे. उद्या सकाळी आम्ही दोघी तिच्याकडं विचारायला जातो. साहेबांकडं त्यानंतर.